मान सावरली, मूठ उघडली, घास उचलला… दिव्यांग लेकराच्या घरात हे छोटे टप्पे का मोजायचे?

पारशिवनी : गावात कोणाच्या घरी लेकरू पालथं पडलं, बसायला लागलं, पहिलं पाऊल टाकलं की साखर वाटली जाते. आजी दृष्ट काढते, मामाला फोन जातो. पण तेच लेकरू अडीच वर्षांचं झालं आणि अजून बसतही नसलं, की त्या घरात साखर वाटायचा दिवस येतच नाही. लग्नात, बारशात लोक विचारतात, "कधी चालन जी हे पोरगं?" मायबापांकडे उत्तर नसतं. आधी ते विचारणाऱ्याला टाळतात, मग कार्यक्रमाला जाणं टाळतात आणि शेवटी दवाखानाही टाळतात. थेरपिस्टने सांगितलेले व्यायाम दोन महिने चालतात आणि "काहीच फरक नाही पडत" म्हणून बंद पडतात.

खरं तर बहुतेक वेळा फरक पडलेला असतो. पण तो बारीक असतो, आणि तो कसा ओळखायचा हे घरच्यांना कोणी सांगितलेलं नसतं. मान तीन सेकंदांऐवजी दहा सेकंद सावरली, घट्ट मिटलेली मूठ सैल पडली, हाकेला डोळे वळले. डॉक्टरच्या लेखी ही प्रगती आहे. घरच्यांच्या लेखी मात्र पोरगं अजून चालत नाही, म्हणजे काहीच झालं नाही. या दोन हिशोबांमधला फरक मिटला नाही तर लेकराचे महत्त्वाचे महिने वाया जातात. म्हणून हा विषय नुसत्या कौतुकाचा नाही, उपचाराचाच भाग आहे.

सगळ्या लेकरांची वेळ सारखी नसते

आधी साधी गोष्ट. सुदृढ मुलांमध्येही टप्पे एकाच महिन्यात येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह वेगवेगळ्या देशांतल्या मुलांची पाहणी करून २००६ मध्ये आकडे दिले. त्यात आधाराशिवाय बसणं साधारण चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंत कधीही दिसलं. एकट्याने चालणं आठव्या महिन्यापासून ते साडेसतराव्या महिन्यापर्यंत. म्हणजे शेजारच्या घरातलं दहा महिन्यांत चाललं आणि आपलं चौदा महिन्यांत चाललं, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मात्र काही खुणा दिसल्या तर थांबायचं नाही. तीन महिन्यांपर्यंत माणूस पाहून हसू आलं नाही, चार-पाच महिन्यांत मान धरली नाही, नऊ-दहा महिन्यांत बसलं नाही, दीड वर्षात चाललं नाही, दीड वर्षात एकही शब्द नाही, मोठ्या आवाजाने दचकत नाही, हाक मारल्यावर बघत नाही. यातलं काहीही दिसलं तर "मोठं झालं की होते बरोबर" म्हणत बसू नये. आणि सगळ्यांत महत्त्वाची खूण वेगळीच आहे. जे येत होतं ते जायला लागलं, म्हणजे बोलणारं लेकरू गप्प झालं, बसणारं कलंडायला लागलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे न्यावं. झटके आले तर त्याच दिवशी.

अंगणवाडीतून मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर हे टप्पे चित्रांसह छापलेले असतात. कार्ड लसीच्या तारखांसाठीच आहे असं समजून बहुतेक घरांत ते पेटीत पडून राहतं. काढून एकदा पाहावं.

एक घास म्हणजे किती पायऱ्या?

दिव्यांग लेकराच्या बाबतीत मोठा टप्पा मोजायला गेलं तर वर्षानुवर्षं हाताला काही लागत नाही. डाऊन सिंड्रोम असलेलं मूल साधारण दोन वर्षांच्या आसपास चालतं, काही मुलं तीन-चार वर्षंही घेतात. सेरेब्रल पाल्सीमध्ये, म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा होऊन हातपाय आखडतात त्यात, काही मुलं पळतात, काही काठीने किंवा वॉकरने चालतात, तर काहींना कायम चाकाची खुर्ची लागते. म्हणून मोठा टप्पा फोडून बारीक करायचा.

समजा, तीन वर्षांच्या मुलीला स्वतःच्या हाताने वरणभात खाता यावा असं घरच्यांना वाटतं. आपल्याला हे एकच काम दिसतं. प्रत्यक्षात तिला आधी बसून तोल धरावा लागतो. मग ताटाकडे बघायचं, हात ताटापर्यंत न्यायचा, मूठ उघडायची, भात धरायचा, धरलेला भात न सांडता हात वर आणायचा, तोंड वेळेवर उघडायचं, ओठ मिटायचे, गिळायचं. नऊ पायऱ्या झाल्या. आज तिचा हात ताटापर्यंत गेला आणि भात सांडला, तर घरचे म्हणतील सांडवलं. पण काल तो हात ताटापर्यंतही जात नव्हता.

शिकवताना एक युक्ती थेरपिस्ट नेहमी सांगतात. शेवटची पायरी आधी शिकवायची. आईने मुलीचा हात धरून भात उचलायचा, तोंडाजवळ आणायचा आणि अगदी शेवटी हात सोडायचा. शेवटचे चार बोटं अंतर मुलीने स्वतः पार करायचं. घास तोंडात गेला की तिला वाटतं, हे मीच केलं. काही दिवसांनी हात थोडा आधी सोडायचा. असंच शर्टाच्या बटणाचं, चपलेचं, गिलासातून पाणी पिण्याचं. पहिली पायरी आधी शिकवली तर लेकरू दरवेळी अर्ध्यात अडकतं आणि रडून सोडून देतं.

खाऊ घालताना एक जपावं. बाजेवर आडवं निजवून घास भरवायचा नाही. घास श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो, पुढे निमोनियापर्यंत जातं. मान आणि पाठ सरळ ठेवून, भिंतीच्या कोपऱ्यात गोधडीचा आधार देऊन किंवा मांडीवर उभं धरून भरवावं. लेकरू नीट टेकून बसलं हाही त्या दिवसाचा एक टप्पाच.

शाब्बास कधी आणि कसं म्हणायचं

कौतुक म्हणजे लाड नव्हे. कौतुकाचं काम लेकराला खबर देणं आहे, की आत्ता जे केलंस ते बरोबर केलंस. म्हणून ते लगेच, दोन-तीन सेकंदांच्या आत यायला पाहिजे. सायंकाळी बाप वावरातून आल्यावर "आज बाबूनं गिलास धरला" असं सांगितलं तर बापाला आनंद होतो, पण बाबूला त्यातून काही शिकायला मिळत नाही. त्याने गिलास धरला त्याच क्षणी त्याच्या डोळ्यांत बघून "धरला! गिलास धरला!" म्हणायचं. नुसतं शाब्बास म्हटलं तर कशाबद्दल ते त्याला कळत नाही. केलेल्या कामाचं नाव घ्यावं.

टाळ्या प्रत्येकाला चालतात असं नाही. ऐकू न येणाऱ्या लेकरासमोर टाळीचा उपयोग काय? त्याच्यासाठी चेहरा, हाताची खूण, हवेत हलवलेले दोन्ही हात. न दिसणाऱ्या लेकराला आवाज आणि पाठीवरचा हात. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या काही मुलांना अचानक वाजलेल्या टाळ्या, शिट्ट्या, कल्ला सहन होत नाही. ती कान झाकतात, पळून जातात. घरचे म्हणतात, "एवढं कौतुक केलं तरी रडते." कौतुकच त्याला टोचलेलं असतं. अशा लेकराला त्याच्या आवडीची वस्तू दोन मिनिटं हातात देणं हेच शाब्बास. आपल्याला काय आवडतं ते बाजूला ठेवून लेकराला काय आवडतं ते शोधावं लागतं.

दर वेळी चॉकलेट, कुरकुरे देणंही बरोबर नाही. दात जातात, भूक मरते आणि पुढे खाऊ नसला तर काम नाही अशी सवय लागते. शिवाय काम अर्धवट झालं तरी खोटं कौतुक करू नये. जेवढं झालं तेवढ्याचंच करावं. लेकरांना खोटं लवकर कळतं.

अमेरिकेतल्या एका ग्रामीण भागात हेच झालं

आज ही पद्धत जगभर वापरली जाते, पण ती जन्मली खेड्यापाड्यांच्या अडचणीतून. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज नावाचं छोटं गाव आहे. आजूबाजूला शेतीचा भाग, घरं लांबलांब. दिव्यांग मुलांना रोज एका ठिकाणी आणणं परवडत नव्हतं. म्हणून १९६९ मध्ये तिथे उलट केलं. शिकवणारी व्यक्ती आठवड्यातून एकदा घरी जायची, आईबापांबरोबर बसून येत्या आठवड्यात जमेल एवढंच छोटं काम ठरवायची आणि एक तक्ता देऊन जायची. आईबाप रोज करून घ्यायचे, तक्त्यावर खूण करायचे. पुढच्या आठवड्यात पाहणी. जमलं तर पुढची पायरी, नाही जमलं तर आईबापांना दोष न देता तीच पायरी आणखी फोडायची. १९७६ च्या त्यांच्या यादीत जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या ५८० छोट्या पायऱ्या आहेत. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली, भारतातही आली.

पारशिवनी तालुक्यातली अडचण फार वेगळी नाही. पेंचच्या बाजूच्या गावातून नागपूरला थेरपीसाठी जायचं म्हणजे दिवस मोडतो. एकाची मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं, आणि थेरपी मिळते अर्धा-पाऊण तास. रोवणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तर जाणं होतच नाही. त्यामुळे खरी थेरपी घरच्या ओसरीवरच होणार आहे, हे मान्य करूनच चालावं लागतं. थेरपिस्टला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावं, "आम्ही महिन्यातून एकदाच येऊ शकतो, घरी करायचं शिकवा." दाखवलेला व्यायाम त्यांच्यासमोर स्वतः करून दाखवावा आणि त्यांना विचारून मोबाईलमध्ये व्हिडिओ काढून घ्यावा. घरी आल्यावर कोणता हात कुठे धरायचा हे आठवत नाही, तेव्हा तो कामी येतो.

वही आणि मोबाईल

एक शंभर पानी वही पुरते. रोज लिहायची गरज नाही. आठवड्यातून एक दिवस ठरवावा, बाजाराचा दिवस लक्षात राहायला सोपा. तारीख, काय केलं, किती वेळ, कोणाच्या आधाराने. "मान धरली" एवढंच लिहून भागत नाही. "पोटावर निजवून, छातीखाली गुंडाळलेला टॉवेल, मान वीस मोजेपर्यंत धरली" असं लिहावं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी कॅलेंडरवर खूण करावी किंवा फोनमध्ये बोलून ठेवावं.

महिन्यातून एकदा एक मिनिटाचा व्हिडिओ काढावा. त्याच जागी, त्याच अंगाने, कपडे कमी ठेवून, म्हणजे पाठ आणि पाय दिसतात. सहा महिन्यांनी पहिला आणि सहावा व्हिडिओ एकापाठोपाठ पाहिला की रोज सोबत राहणाऱ्यांना जो फरक दिसत नाही तो दिसतो. डॉक्टरलाही हेच हवं असतं. तपासणीच्या टेबलावर नवीन माणसं पाहून लेकरू रडतं, आखडतं, काहीच करून दाखवत नाही. घरचा व्हिडिओ दाखवला तर त्याला खरं काय जमतं ते कळतं. झटके येत असतील तर झटक्याचा व्हिडिओ तर फारच उपयोगी.

हे व्हिडिओ स्टेटसला टाकायची घाई मात्र करू नये. लेकरू उद्या मोठं होणार आहे. अर्ध्या कपड्यांतला, धडपडतानाचा व्हिडिओ गावभर फिरलेला त्याला आवडेल का?

मोबाईलवर आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे जाहिराती. स्टेम सेलने सेरेब्रल पाल्सी बरी, ऑटिझम बरा, खर्च काही लाख. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या आजारांवर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. वावर विकून तिकडे जाण्यासारखं त्यात काही नाही. अंगारा, दोरा, भगत यात पैसा थोडा कमी जातो, पण वेळ तेवढाच जातो.

वेळेचा हिशोब

वेळ का महत्त्वाची, यावर कॅनडात सेरेब्रल पाल्सीच्या ६५७ मुलांचा अभ्यास झाला होता, २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. बसणं, उभं राहणं, चालणं यांसारख्या मोठ्या हालचालींत मूल जिथपर्यंत पोचू शकतं त्याचा नव्वद टक्के भाग, आजार सौम्य असेल तर साधारण पाच वर्षांपर्यंत आणि फार तीव्र असेल तर तीन वर्षांच्या आतच पूर्ण होतो, असं त्यात दिसलं. याचा अर्थ पाच वर्षांनंतर सगळं संपलं असा नाही. हाताची कामं, बोलणं, खुणांनी सांगणं, अंघोळ-कपडे, शाळा हे पुढेही शिकता येतं. पण शाळेत जायच्या वयात आल्यावर पाहू म्हणणाऱ्यांची चालण्या-बसण्याची वेळ निघून गेलेली असते. ऐकू न येणाऱ्या लेकराचंही तसंच. कानात बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी सरकारची मदत पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी आहे. लहानपणी आवाज कानावर पडला नाही तर पुढे यंत्र लावूनही बोलणं अवघड जातं.

वझ्झरचा मोठा परिवार

आपल्या विदर्भातच याचं मोठं उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यात परतवाड्याजवळ वझ्झर गाव आहे. तिथे स्व. अंबादासपंत वैद्य बालगृहात शंकरबाबा पापळकर यांनी १२३ बेवारस दिव्यांग मुलं वाढवली. कोणी मूकबधिर, कोणी अंध, कोणी बौद्धिक दिव्यांग, कोणी अंथरुणावरून न उठणारं. कुठे रेल्वे स्टेशनवर, कुठे उकिरड्यावर टाकलेली. त्यांच्या नावापुढे बाप म्हणून शंकरबाबांचं नाव लागलं, आडनाव पापळकर झालं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

तिथली पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे जे जमतं ते काम त्या मुलाचं. बोलता न येणाऱ्या मोठ्या मुली अंथरुणावरच्या लहानांना सांभाळतात. बौद्धिक दिव्यांग मुलांनी पाणी घालून माळरानावर हजारो झाडं जगवली. झाडाला बादलीभर पाणी नेणं हे कोणाच्या प्रगतिपुस्तकात बसत नाही, पण ते झाड उभं आहे.

याच घरातली माला पापळकर. दृष्टी जवळजवळ नसलेलं हे बाळ जळगाव रेल्वे स्टेशनवर टाकलेलं सापडलं होतं. वझ्झरला ती ब्रेल शिकली, शाळा, मग अमरावतीला कॉलेज. २०२४ मध्ये ती एमपीएससीची लिपिक-टंकलेखक परीक्षा पास झाली आणि २०२५ मध्ये नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात रुजू झाली. पेपरात बातमी त्या निकालाची आली. ब्रेलचं पहिलं अक्षर बोटाला कळलं त्या दिवसाची बातमी कुठेही आली नसेल, पण त्याशिवाय पुढचं काही झालं नसतं. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या एका मूकबधिर लेकीचं लग्न नागपुरात थाटात झालं, तेव्हाचे गृहमंत्री कन्यादानाला उभे होते. सगळीच मुलं नोकरीला लागत नाहीत, सगळ्यांची लग्नं होत नाहीत. वझ्झरला त्यांनाही तेवढंच घर आहे. बालगृहातल्या दिव्यांग मुलांना अठरा वर्षं झाली की बाहेर काढू नये, त्यांच्या पुनर्वसनाचा कायदा करावा, ही शंकरबाबांची मागणी अनेक वर्षांची आहे.

घरातले बाकीचे

घरी सगळा भार आईवर पडतो. सासू म्हणते नजर लागली, नवरा कामावर, आणि पोरगं तिच्या अंगावर. टप्पे मोजण्याचा एक फायदा असा की काम वाटता येतं. आजोबांना सांगता येतं, "सायंकाळी पंधरा मिनिटं याला भिंतीला टेकवून बसवा आणि गोष्ट सांगा." आजीला सांगता येतं, कापूस, ज्वारीचं कणीस, ओला टॉवेल असं वेगवेगळं हाताला लावून मूठ उघडून घ्या. (तुरीचे, सरकीचे सुटे दाणे देऊ नयेत, ते नाकात-घशात जातात.) बाप रोज एकच काम घेऊ शकतो, अंघोळ किंवा रात्रीचा घास. मोठ्या बहिणीला मात्र दुसरी आई करून ठेवू नये. तिलाही शाळा आहे, तिच्या पहिल्या नंबरालाही साखर वाटली पाहिजे.

सणवारात लेकराला घरात ठेवून जाण्याची सवय मोडावी. तान्ह्या पोळ्याला आपल्याकडे सगळी लहान पोरं लाकडी नंदी घेऊन निघतात. चालता येत नसेल तर कडेवर न्यावं, व्हीलचेअरवर न्यावं, दोरी त्याच्या हातात द्यावी. दोरी पाच मिनिटं धरून ठेवली तर हाताच्या पकडीचा तो व्यायामच झाला, आणि गावालाही समजतं की हे पोरगं आपल्यातलंच आहे. बक्षीस वाटणाऱ्या मंडळांनी त्याला दया म्हणून वेगळं बक्षीस देऊ नये, सगळ्यांच्या रांगेत उभं करावं.

आणि चिडवणं. "लंगड्या", "येडं", "मुका" ही नावं गावात सहज तोंडात येतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ९२ प्रमाणे चारचौघांत मुद्दाम अपमान करण्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोलिसांत जायची वेळ येऊ नये, पण सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक यांना हे माहीत असायला हवं.

शाळा, कागद आणि कुठे जायचं

याच कायद्याच्या कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. "आमच्याकडे जमणार नाही" असं शाळेने म्हटलं तर लेखी मागावं आणि पंचायत समितीच्या शिक्षण विभागात समावेशित शिक्षणाचं काम पाहणाऱ्या विशेष शिक्षकांना भेटावं. शाळेतही आधी मोठं ध्येय नको. पहिला महिना वर्गात अर्धा तास बसणं, स्वतःचं दप्तर ओळखणं, शू लागली हे सांगणं. शेवटचं तर फार मोठं काम आहे.

तपासणीची सुरुवात गावातूनच होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे आरबीएसकेचं, पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. २०१३ पासून ही योजना सुरू आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत मोफत. पथक येणार त्या दिवशी लेकराला घरी लपवून ठेवण्याऐवजी तिथे न्यावं, वही सोबत घ्यावी. ते पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, पाठवतात. नागपुरात केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं संमिश्र क्षेत्रीय केंद्र, सीआरसी, हेही आहे. तारीख आशाताई किंवा अंगणवाडीताईंना विचारावी.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड यांसाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो, मग वैद्यकीय तपासणी. कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे, त्यामुळे ऑटिझम, थॅलेसेमिया, सिकलसेल यांनाही प्रमाणपत्र मिळतं. लहान मुलांना ते काही वर्षांपुरतं देतात, मुदत संपायच्या आधी पुन्हा अर्ज करावा लागतो. कार्ड हाती आलं की एसटीत ७५ टक्के सवलत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल तर निरामय विमा, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात ठराविक मर्यादेत थेरपीचा खर्चही येतो. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान २०२५ मध्ये महिन्याला १,५०० वरून २,५०० रुपये करायचा निर्णय झाला, त्याचा अर्ज तहसीलमध्ये. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत त्या पैशाचं काय झालं ते विचारावं. एखाद्या लेकराच्या ओसरीवर धरून चालायला दोन लोखंडी दांडे बसवायला त्यातले थोडेच पैसे लागतात.

नागपूरला जाताना लेकराचा जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड, मायबापाचं आधार, जुन्या तपासण्या, दोन फोटो आणि सगळ्याच्या झेरॉक्स एका पिशवीत ठेवाव्यात. बोर्ड कोणत्या वारी बसतो हे निघायच्या आधी फोन करून विचारावं. वार चुकला तर गाडीभाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात.